घाई आपली, जीव त्याचा

मित्रांनो, आज जरा मोठं लिहितोय. वेळ काढून वाचा, विशेषतः ज्यांच्या दारात गाडी आहे त्यांनी.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सायलेन्सरचा क्लॅम्प तुटला म्हणून गाडी सर्व्हिस रोडच्या एका गॅरेजला नेली. साताऱ्याला लग्न होतं, मुहूर्त गाठायचा होता. एकोणीस-वीस वर्षांच्या पोरानं मागची बाजू जॅकवर उचलली, चाक काढून बाजूला टाकलं आणि पाठीखाली पोतं घेऊन सरळ आत सरकला. मी वरून म्हणतोय, "आटप रे लवकर!"

जमीन मुरुमाची, त्यात ओली. जॅकचं बूड हळूहळू रुतलं आणि गाडी कलली. पोरगं चपळ म्हणून बाहेर निसटलं. हाताला खरचटलं, एवढंच. वर हसून मलाच म्हणतो, "काय नाय होत, दादा."

त्या दिवशी लग्नाचं जेवण गेलं नाही मला.

खरं सांगू का, मेकॅनिकचा निष्काळजीपणा म्हणून हात झटकणं सोपं आहे. पण घाई कोणाची होती? माझी. आणि शेजारी पडलेलं चाक गाडीखाली आडवं सरकवायला अर्धं मिनिट लागलं असतं. तेही मी बोललो नाही.

जॅक हा गाडी उचलायला असतो, धरून ठेवायला नाही. हायड्रॉलिक जॅकमधलं तेल एका रबरी सीलवर थांबलेलं असतं. सील गेलं की गाडी खाली. आपल्या डिकीतला जॅक तर फक्त चाक बदलण्यापुरता. साधी छोटी गाडी घेतली तरी आठशे-नऊशे किलो भरते. उचलल्यावर वजन लोखंडी स्टँडवर द्यायचं, मगच आत जायचं. विटा किंवा सिमेंटचे ब्लॉक लावणारे तर रोज दिसतात. ब्लॉक वाकून इशारा देत नाही, एकदम फुटतो.

आणखी एक. बहुतेक गाड्यांचा हँडब्रेक मागच्या चाकांवर असतो. मागची बाजू उचलली की त्याचा उपयोग संपला, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेतच. जमीन मऊ असेल तर जॅक आणि स्टँड दोन्हींखाली जाड फळी हवी. आणि आत जाण्याआधी गाडी हातानं हलवून बघायची. पडायची असेल तर तेव्हाच पडू दे.

कायद्याचं म्हणाल तर १९४८ चा कारखाना कायदा मुळात वीज वापरणाऱ्या आणि दहा किंवा जास्त कामगार असलेल्या जागांसाठी आला. दोन-तीन पोरांच्या टपरीवजा गॅरेजला विचारणार कोण? तिथं बघणारे आपणच, म्हणजे गिऱ्हाईक.

स्टँडची जोडी दोन-तीन हजारांत येते. आपण सीट कव्हरला त्याहून जास्त घालतो. गॅरेजवाल्यांनाही माझं म्हणणं आहे, तुमचा धंदा त्या पोराच्या हातांवर चाललाय. तेवढा खर्च कराच.

मी आता एक नियम केलाय. स्टँड नसेल तर माझ्या गाडीखाली कुणी जायचं नाही. दोन ठिकाणी हसले मला. एकानं मात्र पुढच्या खेपेला नवी जोडी आणून दाखवली, "घ्या, तुमच्यामुळं आणली."

तुम्हीही एवढंच करा. पुढच्या वेळी गॅरेजला गेलात की "कधी होईल?" विचारायच्या आधी "स्टँड लावलास का रे?" विचारा. उशीर झाला तर होऊ दे. लग्नात अक्षता चुकल्या तरी चालतात. त्या पोराचीही घरी कुणीतरी वाट बघत असतं.

पटलं तर आपल्या ओळखीच्या गॅरेजवाल्यापर्यंत पोचवा.