राजगड जगाच्या यादीत गेला, पण तोरण्यापर्यंतच्या धारेला वाली कोण?

पाऊस जरा ओसरला की शनिवारी रात्री पुण्या-मुंबईच्या बस गुंजवणे, पालीच्या रस्त्याला लागतात. पहाटे राजगड चढायचा, संजीवनी माचीकडून अळू दरवाजाने उतरायचं आणि डोंगराच्या धारेने चालत तोरण्याची बुधला माची गाठायची. कारवीतून, दाट रानातून सात-आठ तासांची ही चाल. संध्याकाळी वेल्ह्यात उतरलं की बस उभीच असते. मंडळी परत शहरात.

11 जुलै 2025 रोजी युनेस्कोने मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यात राजगड आहे, तोरणा नाही. स्वराज्याची सुरुवात जिथून सांगतात तोच गड यादीबाहेर, याची रुखरुख वाटणारच. पण खरा प्रश्न दोन गडांच्या मधल्या धारेचा आहे. राजगडाचं नाव मोठं झालं, तशी या वाटेवरची वर्दळही वाढणार. आणि त्या वाटेला धनी नाही.

राजगड राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे. धारेवरचं जंगल वनखात्याकडे. खिंडीत भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता आडवा येतो, त्याचं खातं तिसरंच. फलक कुणी लावायचा, तुटलेली वाट कुणी बांधायची, असं विचारलं की ज्याने त्याने दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायचं.

धुकं उतरलं की धारेवर हातभर पुढचं दिसत नाही. गुरांच्या वाटा जागोजागी फुटतात आणि नवखा माणूस सरळ दरीकडे निघतो. मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. अशा वेळी महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरमार्फत बचाव पथकं निघतात, त्यांचं काम मोठं आहे. पण ती पोहोचेपर्यंत बॅटरी आणि दोर घेऊन आधी वर जाणार कोण? खालच्या वाडीतली पोरं. जखमीला डोली करून तेच उतरवणार. दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडते ती वेगळीच.

राज्याचं साहसी पर्यटन धोरण ऑगस्ट 2021 मध्ये आलं. ट्रेक नेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची साधनं ठेवावीत, असं त्यात आहे. चांगलंच आहे. मात्र नोंदणी आहे की नाही हे डोंगराच्या पायथ्याला बघणारं कुणी नको का?

याच जिल्ह्यात सिंहगडावर संयुक्त वन व्यवस्थापन समिती गाड्यांकडून उपद्रव शुल्क घेते. मग इथे तसं का नको, असं कुणीही म्हणेल. पण सिंहगडाला गाडीरस्ता आहे, नाका बसवला की काम झालं. इथे माणूस चढतो एका गावातून आणि उतरतो दुसऱ्याच गावात. पार्किंग गुंजवण्याला, रात्रीचं जेवण वेल्ह्याला. मधल्या धनगराच्या घराला काय, तर दोन-चार ताकाचे ग्लास! तेही बसवाल्याने पाण्याच्या बाटल्या आधीच वाटल्या नसतील तर. बुकिंगचे पैसे तर शहरातच जमा झालेले असतात.

एका गावाने पावती फाडून हे सुटणारं नाही. चढणारी, उतरणारी आणि मधली गावं एकत्र बसून वनखात्याशी बोलली तरच काही जमेल. सामूहिक वनहक्काचा दावाही करता येतो. 2006 च्या कायद्याने जंगल राखण्याचा हक्क ग्रामसभेला दिलाय. अडचण एवढीच की आदिवासी नसलेल्यांना 13 डिसेंबर 2005 च्या आधीचा 75 वर्षांचा, म्हणजे तीन पिढ्यांचा रहिवास दाखवावा लागतो. रानात राहिलेल्या धनगराने एवढा जुना कागद आणायचा कुठून? कायद्यात वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही पुरावा म्हणून चालतो, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. म्हातारी माणसं आहेत तोवर ते जबाब लिहून घेतलेले बरे.

शुल्क ठरलंच तर पहिला खर्च शौचालयाच्या कमानीवर नको. खिंडीत एक स्ट्रेचर, दोर, प्रथमोपचाराची पेटी आणि दर रविवारी पगारी दोन वाटाडे, एवढं आधी व्हावं.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचा असेल तर तो आधी लेखी देऊन विषयपत्रिकेत घालून घ्यावा लागेल. ऐन वेळचे विषय शेवटी येतात, आणि तोवर निम्मी माणसं उठून गेलेली असतात.