कलावंताला काय विचारावे?

आमच्या देऊळगाव राजाची ओळख बालाजीच्या देवळामुळे आहे. आश्विनात यात्रा भरली म्हणजे गावात पाय ठेवावयास जागा उरत नाही. माझ्या लहानपणी एक निराळी, लहानशी यात्रा मात्र रोजच भरत असे. ती पेठेतील एका दुकानाच्या पायरीवर. त्या दुकानात रेडिओ होता. बाजारभाव आणि बातम्या ऐकून झाल्या की मोठी माणसे उठून जात. आम्ही पोरे मात्र गाण्यांच्या आशेने तेथेच रेंगाळत असू.

नागपूरचे नभोवाणी केंद्र १९४८ च्या जुलैमध्ये सुरू झाले. त्या वेळी आपला बुलढाणा जिल्हा मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, त्यामुळे नागपूर हेच आमचे घरचे केंद्र. मुंबई-पुण्याचा आवाज दिवसा खरखरत येई, आणि रात्र पडली की आश्चर्य वाटावे इतका स्पष्ट होई. याचे कारण मला पुष्कळ वर्षांनी कळले. मध्यम लांबीच्या लहरी दिवसा आकाशातील एका थरात शोषल्या जातात. सूर्य मावळल्यावर तो थर विरतो, आणि मग त्याच लहरी आणखी उंचावरील थरावरून परतून दूरवर पोहोचतात. आम्हांला एवढेच ठाऊक होते, की लांबचे पाहुणे रात्री येतात!

गायक, लेखक, नट यांच्या मुलाखती मी प्रथम ऐकल्या त्या अशा रात्री. त्या ऐकता ऐकता माझे एक मत बनले, ते आजही बदललेले नाही. कलावंताला त्याच्या मोठेपणाविषयी विचारू नये; त्याच्या कामाविषयी विचारावे.

“आपला जन्म कोठे झाला? आपणांस कोणकोणते मान मिळाले?” असे प्रश्न विचारणारे पुष्कळ असतात. त्यांची उत्तरे कोणत्याही चरित्रात सापडतात, आणि ती देताना मोठा माणूसही पाठ म्हणून दाखवल्यासारखा बोलतो. एकदा मात्र एका गायकाला विचारलेला निराळाच प्रश्न मी ऐकला : “एखादी जागा गळ्यातून निघतच नाही, तेव्हा आपण काय करता?” गायक थबकले. क्षणभर रेडिओ बंद पडला की काय, असे आम्हांला वाटले. मग ते हलकेच गुणगुणू लागले. तीच ओळ त्यांनी तीनदा म्हटली. दोनदा ती अडखळली, तिसऱ्यांदा वळली. पुस्तकातील मुलाखतीत हे कसे छापणार?

विचारणाऱ्याच्या अंगी आणखी एक गुण हवा, तो म्हणजे गप्प बसण्याचा. नभोवाणीवर दोन क्षणांची शांतता फार मोठी भासते; निवेदक घाबरतो आणि पुढचा प्रश्न पुढे ढकलतो. माझ्या मते तेथेच तो चुकतो. माणूस थांबतो, तेव्हा तो बहुधा खरे उत्तर शोधत असतो.

पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये ‘गीतरामायण’ प्रक्षेपित झाले, हे तुम्ही ऐकले असेल. गीते ग. दि. माडगूळकरांची, चाली सुधीर फडके यांच्या. छप्पन्न गीते वर्षभर क्रमाने ऐकवली गेली. त्यातील पहिल्याच गीताचा कागद हरवला आणि माडगूळकरांनी ऐन वेळी ते गीत पुन्हा लिहून दिले, अशी आठवण सांगतात. लोकांना ‘गीतरामायण’ पाठ आहे, तरी ही हरवलेल्या कागदाची गोष्ट सांगितली की ते कान टवकारतात. एवढे मोठे कामही कागद, घाई आणि घाम यांतूनच उभे राहिले, हे त्यांना नव्याने कळते. अशा गोष्टी कलावंत आपण होऊन सांगत नाही; त्या कोणीतरी विचाराव्या लागतात.

विविध भारतीवर आशा भोसले, राहुलदेव बर्मन आणि गुलजार यांनी एकत्र बसून आपल्या गाण्यांविषयी गप्पा मारल्या. बर्मन १९९४ मध्ये निवर्तले. परंतु त्या गप्पा ध्वनिमुद्रित असल्यामुळे नंतर जन्मलेल्या मुलांनाही त्यांचे बोलणे ऐकता आले. सर्वच संभाषणांचे भाग्य असे नसते. इंग्लंडात बीबीसीवर १९४२ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. निर्जन बेटावर जावे लागले तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका बरोबर न्याल, असे त्यात पाहुण्याला विचारतात. कल्पना किती गमतीची! पण त्याच्या आरंभीच्या वर्षांतील पुष्कळ भाग आज उपलब्ध नाहीत, कारण ते जपून ठेवावेत असे त्या वेळी कोणाला वाटले नाही.

ही चूक फक्त इंग्लंडातच झाली असे मात्र मी म्हणणार नाही. मी बारा वर्षांचा असताना यात्रेत एक वृद्ध गोंधळी आले होते. रेडिओवरील मुलाखतींचे वेड डोक्यात होतेच, मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि ऐटीत विचारले, “बाबा, तुमचे वय काय?” ते हसले. “वयाला काय करतोस, बाळा?” म्हणाले. मी ओशाळलो. मग सहज माझे लक्ष त्यांच्या संबळाकडे गेले, आणि मी विचारले, “ही एक काठी वाकडी का?”

त्यासरशी त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी संबळ पुढे ओढला. एक भांडे उंच बोलते आणि दुसरे खाली, हे त्यांनी वाजवून दाखवले. सरळ काठीचा ठोका आणि वाकड्या काठीचा ठोका वेगवेगळा करून ऐकवला. हवा दमट असली की कातडे सैल पडते, मग ते शेकावे लागते, असे सांगून त्यांनी मला शेकोटीजवळ नेले आणि शेकण्यापूर्वीचा व नंतरचा नाद ऐकवला. तासभर मी जागचा हललो नाही.

आता यात्रेला येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरी ध्वनिमुद्रण करू शकणारा फोन असतो. त्या वेळी माझ्याजवळ काही नव्हते, आणि त्यांचे नाव विचारावयाचेही मी विसरलो. पुढच्या वर्षी मी गोंधळ्यांच्या सगळ्या पालांतून हिंडलो. ते आले नव्हते.