ड्रॅक्युलाचा खोकला

सोलापूरच्या भवानी पेठेत मी बरीच वर्षं पुस्तकं भाड्यानं देण्याचं दुकान चालवलं. गिऱ्हाईक म्हणजे यंत्रमागावरचे कामगार, विड्या वळणाऱ्या बाया आणि परीक्षा संपलेली पोरं. नारायण धारप कपाटात कधी टिकलेच नाहीत. त्यांची ‘लुचाई’ परत यायची ती शिवण उसवून, पानांना तंबाखूचा वास घेऊन. दुपारी ओट्यावर एकीनं मोठ्यानं वाचायचं आणि बाकीच्यांनी मांडीवर सूप घेऊन ऐकत विड्या वळायच्या, असा रिवाज. ती रक्तपिपासूची गोष्ट स्टीफन किंगवर बेतलेली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. पण पुस्तक परत देताना एकजण तरी म्हणायचीच, “छान हाय काका, पण हे भूत आपल्यातलं न्हाई. सायबाचं हाय.”

मला हे कधीच पटलं नाही.

आपली भुतं तशी बिचारी. मुंजाचं लग्न राहिलेलं, हडळ बाळंतपणात गेलेली. त्यांचं काहीतरी मागणं असतं, ते पुरवलं की गेली पिंपळावर. युरोपातल्या खेड्यातला रक्तपिपासू काही मागत नाही. तो थडग्यातून उठतो आणि आधी स्वतःच्याच घरात शिरतो. आज भाऊ, चार महिन्यांनी बहीण, मग आई. असं ओळीनं घर रिकामं करणारं काय असतं, ते सोलापूरच्या पूर्व भागातल्या कुठल्याही म्हाताऱ्या विणकराला विचारा. क्षय, असं तो सांगेल, आणि तेही आवाज खाली आणून.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात एक्झिटर नावाचं गाव आहे. तिथल्या जॉर्ज ब्राउन या शेतकऱ्याची बायको क्षयानं गेली, मग थोरली मुलगी, आणि जानेवारी १८९२ मध्ये एकोणीस वर्षांची मर्सी. मुलगा एडविन खंगत चाललेला. गावकऱ्यांनी ठरवलं की तिघींपैकी कुणीतरी त्याचं रक्त पितंय. मार्चमध्ये प्रेतं बाहेर काढली. आई आणि थोरलीची हाडंच उरलेली. मर्सी मात्र ताजी आणि काळजात रक्त. ऐन हिवाळ्यात दोन महिने ठेवलेलं प्रेत ताजं असणारच. तपासणाऱ्या डॉक्टरनं फुप्फुसात क्षयाच्या खुणा आहेत हेही सांगितलं. ऐकतो कोण! काळीज जाळलं, राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. मे महिन्यात तोही गेला. रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं होतं २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे पुरती दहा वर्षं आधी.

ऱ्होड आयलंड ज्या न्यू इंग्लंडमध्ये येतं, तिथल्या अशा प्रकारांवरचं एका न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्राचं कात्रण ‘ड्रॅक्युला’ लिहिणाऱ्या ब्रॅम स्टोकरच्या टिपणांत मिळतं. त्याच्या आईनं आयर्लंडच्या स्लायगो गावातली १८३२ ची कॉलऱ्याची साथ डोळ्यांनी पाहिली होती आणि ती मुलाला सांगितली होती. ‘ड्रॅक्युला’ छापून आली मे १८९७ मध्ये. त्याच सुमारास आपल्याकडे पुण्यात प्लेगच्या घरझडत्या चालू होत्या. जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या कादंबरीतली ल्यूसी नीट वाचा. दिवसेंदिवस पांढरीफटक, धाप, रात्री जास्त त्रास. चौघे पुरुष पाळीपाळीनं तिला आपलं रक्त देतात. रक्तगटांचा शोध तोवर लागलाच नव्हता, तो १९०१ चा. त्यामुळे बिचारी काउंटच्या दातांनी मेली की डॉक्टरांच्या सुईनं, हा प्रश्न मला दर वाचनाला पडतो.

काउंट, किल्ला, काळा झगा ही सगळी नंतरची सजावट. सर्बियातल्या ज्या ‘रक्तपिपासू’ प्रेताची ऑस्ट्रियन लष्कराच्या शल्यवैद्यांनी १७३२ मध्ये लेखी नोंद केली, तो एक गाडीवरून पडून मेलेला साधा माणूस होता. रक्तपिपासूला उमराव केलं ते १८१९ मध्ये पोलिडोरीनं आपल्या गोष्टीत, आणि गंमत म्हणजे पोलिडोरी स्वतः डॉक्टर. रक्तपिपासू एकदा श्रीमंत झाल्यावर मार्क्सनं त्याला ‘भांडवला’त गिरणीमालकाच्या जागी बसवलं, हे ओघानंच आलं. गिरण्यांच्या गावात ते समजावून सांगावं लागत नाही. पण या झग्याखाली खोकला झाकला गेला तो गेलाच.

माझे वडील मागावर होते. धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, भोकाला ओठ लावायचे आणि दोरा श्वासासरशी ओढून घ्यायचा. पाळी बदलली की तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. मॅसॅच्युसेट्समध्ये १९११ मध्ये असा धोटा कायद्यानं बंद केला, कारण हेच, क्षयाची भीती.

आता माझी खरी तक्रार. एक्झिटरच्या लोकांनी दोष दिला तो मेलेल्याला. त्याचं काळीज जाळलं तरी त्याला दुखत नाही. आपल्याकडे मेलेल्यावर कुणी संशय घेत नाही, आपण जिवंत बाई शोधतो. आमच्या बोळातल्या एका घरात थोरला गेला आणि वर्षाच्या आत धाकटा खोकायला लागला. बोट कुणाकडे? थोरल्याच्या बायकोकडे. तिचा पायगुण, तिनं काहीतरी केलंय, बाहेरचं आहे. देवऋषी झाला, लिंबू झालं, अंगारा झाला. बेडका तपासायला पोर दवाखान्यात गेलं तेव्हा ते उचलून न्यावं लागलं.

करणी केली म्हणून एखाद्याला बदनाम करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. त्या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा त्याच वर्षी २० ऑगस्टला खून झाला, मग सरकारला जाग येऊन वटहुकूम निघाला. तरी पोलिसात जाणारी सून मी अजून पाहिली नाही.

तेव्हा भयकथा वाचणाऱ्यांनी खुशाल वाचाव्यात; ‘ड्रॅक्युला’ तर जरूर. लिहिणाऱ्यांना सांगणं एवढंच की मांत्रिकाला आता थोडी रजा द्या आणि या घरांकडे बघा. जगातल्या दर चार क्षयरुग्णांमागे एक आपल्या देशात आहे. दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, उतरत चाललेलं वजन असेल तर सरकारी दवाखाना गाठा. तपासणी फुकट, गोळ्या फुकट. साध्या क्षयाला सहा महिने पुरतात, मध्येच सोडायच्या मात्र नाहीत. घरातल्या सगळ्यांना तपासून घ्या आणि सुनेलाही न्या. तिलाही लागण झालेली असू शकते.