जेसीबीच्या आधी एक चर

घरकुलाच्या यादीतल्या प्रत्येकाला घर मिळायलाच हवं. तरीही या आठवड्यात भीमेकाठच्या एका गावात घरकुलांसाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीचं, टेकाड जेसीबीने सपाट झालं, तेव्हा मन पेटलं. कापलेल्या कडेला राखेचे, खापरांचे, हाडांचे थर स्पष्ट दिसत होते. माती ट्रॉल्यांनी शेतात गेली. कोणीही विचारेल, यावर कायदा नाही का?

आहे, पण त्याला दोनच अवस्था कळतात. संरक्षित स्मारक असेल तर भोवती १०० मीटर बंदी आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रण. नसेल तर पूर्ण मोकळीक. १८७८ चा निखात निधी कायदा दहा रुपयांवरची वस्तू सापडली तर कळवा म्हणतो. थरांना त्यात जागाच नाही.

इंग्लंडने या दोन टोकांमध्ये एक पायरी बांधली. १९८९ मध्ये लंडनमध्ये नव्या इमारतीच्या जागेवर रोझ नाट्यगृहाचे अवशेष निघाले आणि लोक रस्त्यावर आले. नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नियोजनासाठी मार्गदर्शिका काढली. तेव्हापासून खेड्यातल्या शेतात दहा घरं बांधायची असली, तरी नियोजन कार्यालय आधी परगण्याची पुरातत्त्व नोंदवही पाहतं. शंका आली तर परवानगीपूर्वी जमिनीच्या थोड्या भागात चाचणीचे चर घ्यायला लावतं. खर्च बांधणाऱ्याचा. बहुतेक वेळा महत्त्वाचं काही निघत नाही आणि काम सुरू होतं. निघालं तर पायाची रचना बदलतात, किंवा थर रीतसर उकलून नोंदवतात. जमीन मालकाचीच राहते. आपल्याकडे मालकाला जमीन जाण्याची धास्ती असते, म्हणून तो खापर दिसताच माती ओढतो. त्याची भीती काढल्याशिवाय थर वाचणार नाहीत.

थर गेल्याने काय जातं, हे प्रवरेकाठचं दायमाबाद सांगतं. १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाचं मूळ खणताना काशाचे हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ सापडला. अशा मोलाच्या वस्तू हाती असूनही त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांचं आजही एकमत नाही, कारण त्या वस्तू उत्खननातून, थराच्या नोंदीसह बाहेर आल्या नाहीत.

म्हणून माझं मागणं मांडतो. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणं मोजली जात आहेत. त्याच नकाशांवर पांढरीची टेकाडं आणि नदीकाठच्या खापरांच्या जागा रंगवा. मला खात्री आहे, गावातली म्हातारी माणसं एका सकाळीत निम्म्या जागा दाखवतील. तिथे बांधकामाआधी दोन लहान चर सक्तीचे करा. प्लॉट पाडणाऱ्याने खर्च स्वतः सोसावा, घरकुलाचा सरकारने. पायासाठी मातीची ताकद तपासायला बोअर घेणारा बिल्डर हा चरही घेऊ शकतो. येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडा. कायदा होईपर्यंत गावाला थांबायची गरज नाही.