मुलांचे छंद : रिमोटचा रणगाडा

रिमोटवर चालणाऱ्या रणगाड्याविषयी अलीकडे काही पालक आम्हाला विचारतात. खर्चाच्याही आधी त्यांचा प्रश्न असतो तो हा की, पंचशील घेणाऱ्या घरात युद्धाचे यंत्र आणावे काय?

प्रश्न रास्त आहे. तथागतांनी उपासकांना जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले, त्यांत शस्त्रांचा व्यापार पहिलाच येतो. परंतु आपल्या कितीतरी घरांना सैन्याची परंपरा आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. महार रेजिमेंट १९४१ साली बेळगावला उभी राहिली. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद दाखवला आहे. तेव्हा रणगाड्याचे नावच घरात काढायचे नाही, हे आम्हाला पटत नाही. मुलामुलींनी ते यंत्र समजून घ्यावे. गोळी झाडण्याची हौस मात्र नको. बाजारातील बऱ्याच मॉडेलांच्या तोफेतून ६ मिलिमीटरच्या प्लास्टिक गोळ्या खरोखर सुटतात आणि त्या डोळ्याला इजा करू शकतात. गोळ्या न उडवणारे, अवरक्त किरणांचे मॉडेल मिळते, ते मागावे. गोळ्यांचेच मिळाले तर गोळ्या मुलांच्या हाती देऊच नयेत.

या छंदात १/१६ हे प्रमाण सर्वाधिक चालते. आपल्या सैन्यातील टी-७२ रणगाडा तोफेसह सुमारे साडेनऊ मीटर लांब आहे. त्याचे मॉडेल साठ सेंटीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे ते कपाटात मावत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे! तामिया या जपानी कंपनीचे संच स्वतः जोडावे लागतात आणि ते महाग असतात. हेंग लाँग या चिनी कंपनीचे तयार मिळतात; नवशिक्याला ते पुरेसे आहेत. तरीही किंमत महिन्याच्या किराण्याहून जास्तच. एकट्या घराला हा भार कशाला? विहारातील चार-पाच मुलांनी मिळून एक घ्यावा आणि रविवारी वंदनेनंतर अंगणात चालवावा.

रणगाड्याला मोटारगाडीसारखे स्टेअरिंग नसते. डाव्या पट्ट्याला एक मोटार, उजव्याला दुसरी. दोन्ही सारख्या फिरल्या की तो सरळ जातो. एक थांबली की त्या बाजूला वळतो. एक पुढे आणि एक मागे फिरवली तर जागच्या जागी गिरकी घेतो. हे मुलांनी पाटीवर काढून पाहावे, नंतरच रिमोट हाती घ्यावा. ज्यांना रणगाडा परवडत नाही त्यांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत गिअर असलेल्या दोन छोट्या मोटारी घेऊन लाकडी फळीवर साधी गाडी जुळवावी. वळण्याचे तत्त्व तेच. खरे सांगायचे तर आमचा कल याच गाडीकडे अधिक आहे.

नव्या रणगाड्यात पहिली तक्रार येते ती पट्टा निसटण्याची. पट्टा सैल असेल तर गवतावर झटकन वळताना तो चाकावरून उतरतो. फार ताणला तर मोटार आणि गिअर यांच्यावर जोर येतो. बऱ्याच मॉडेलांत टोकाचे मोकळे चाक सरकवून ताण कमी-जास्त करता येतो. धातूचे पट्टे दिसायला रुबाबदार, पण जड. प्लास्टिकच्या गिअरवर ते चढवू नयेत, दाते झिजतात. चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळतात, ते दर वेळी काढावेत. चालू करताना आधी रिमोट, मग रणगाडा. बंद करताना आधी रणगाडा. लिथियम बॅटरी मोठ्या माणसाच्या देखत चार्ज करावी, रात्रभर लावून ठेवू नये. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नये.

खरा रणगाडा मुलांना दाखवायचा असेल तर अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय आहेच. ते १९९४ साली सुरू झाले. १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने वापरलेला पॅटन रणगाडा तेथे जवळून पाहता येतो. मुलांना त्याच्या पट्ट्याशी उभे करून विचारावे, मोटारीचा जोर यातल्या कोणत्या चाकाला मिळतो? दातेरी चाक शोधायला त्यांना फार वेळ लागणार नाही.