सही जुळत नाही, साहेब!

हल्ली विद्वानांची एक नवी जात निघाली आहे. कॉम्प्युटर नुसता खाकरला तरी ही मंडळी औषध सांगून मोकळी होतात, आणि औषध एकच : "तो इशारा बंद करून टाका!" म्हणजे कुत्रं भुंकतंय, तर चोर शोधू नका, कुत्र्याचं तोंड बांधा!

या पंथाला माझा कडकडीत विरोध आहे. उबंटू लिनक्सला अपडेट करायला सांगा. 'डब्ल्यू'ने सुरू झालेली ओळ म्हणजे ताकीद, 'ई'ने सुरू झालेली म्हणजे चूक. इतका सडेतोड कारकून आमच्या अख्ख्या बँकेत नाही.

सॉफ्टवेअरची यादी येते ती सहीनिशी. नमुना सही जवळ नसली की तो म्हणतो, 'नो पबकी'. विद्वान म्हणतात, 'ट्रस्टेड=यस' लिहा. अहो, म्हणजे सही तपासूच नका! उद्या काउंटरवर कोणी म्हणाला, "सहीचं राहू द्या हो, पैसे काढा," तर तुमच्या खात्यातून देऊ?

'रिलीज फाइल इज नॉट व्हॅलिड येट' हा तर सरळ पुढच्या तारखेचा चेक. बहुधा चेक बरोबर असतो, आपल्याच मशीनचं घड्याळ मागे पडलेलं असतं. ते लावा, चेक वटतो.

२०२२ सालच्या २२.०४ आवृत्तीत 'लेगसी' किल्लीची कुरकुर सुरू झाली, तेव्हा केवढा गहजब! पण जुन्या पद्धतीत सगळ्या नमुना सह्या एकाच खणात, आणि त्यातली कुठलीही सही कुठल्याही चेकला चालायची. शेजाऱ्याच्या सहीवर तुमचे पैसे! आता प्रत्येक किल्ली वेगळ्या फाइलीत ठेवा आणि जिथून माल येतो त्या ओळीत 'साइन्ड-बाय' लिहून तिचा पत्ता द्या. झालं!

'कुड नॉट गेट लॉक' म्हणजे खिडकीशी आधीच कोणीतरी उभं आहे; बहुतेक वेळा आपोआप चालणारं अपडेटच. तेवढंही थांबवत नाही, म्हणून विद्वान कुलूपच पुसून टाकतात. एका लेजरात दोघांनी एकदम लिहिल्यावर संध्याकाळी बॅलन्स जुळतो का, ते कुठल्याही कारकुनाला विचारा!

चोख कारकून सगळ्यांना खडूस वाटतो, कबूल. पण बँक बुडते ती खडूस कारकुनामुळे नव्हे. ती बुडते हसतमुखाने सगळं पास करणाऱ्यामुळे.