मिस कॉल आला? आधी नंबर बघा!



आपल्या भवानी पेठेत मिस कॉल म्हणजे निरोप. कारखान्यातून एक रिंग आली की समजायचं, बोलावणं आलं. लेक सासरी पोचली की तीही एक रिंग देते. म्हणून मिस कॉल दिसला की आपण उलट फोन लावतोच. ठगांनी आपली हीच सवय हेरली आहे.

माझ्या आईचंच सांगतो. रात्री दीडला तिच्या फोनवर एकच रिंग वाजली. माझा भाऊ दुबईला असतो, म्हणून त्या फोनवर आयएसडी चालू. नंबर +२१६ ने सुरू होणारा. पोराला काही झालं की काय, या धास्तीने तिने लगेच उलट फोन लावला. पलीकडे नुसती रिंग वाजत राहिली आणि ती कान लावून बसली. हे ठग रिंगचाच आवाज रेकॉर्ड करून ऐकवतात. आपल्याला वाटतं फोन उचललाच नाही, इकडे मीटर पळत असतं. बॅलन्स संपला तेव्हाच लाईन तुटली. दुबईचा कोड ९७१, २१६ तर ट्युनिशियाचा. हे तिला आधी सांगायला हवं होतं, मी सांगितलं नाही. दिवसभर मांडीवर सूप घेऊन वळलेल्या विड्यांचे पैसे होते ते.

या फसवणुकीला जपानी भाषेत 'वांगिरी' म्हणतात : एक रिंग द्यायची, कट करायचं. नंबर महागड्या दराचा असतो आणि आपण जितका वेळ लाईनवर, तितका ठगाचा वाटा वाढतो. म्हणून कधी गाणं लावतात, कधी बक्षीस लागलं म्हणतात. नुसत्या मिस कॉलने मात्र काही जात नाही, घाबरू नका. पैसे जातात ते उलट फोन केल्यावर.

अधिकच्या चिन्हापुढे ९१ नसेल आणि नंबर ओळखीचा नसेल, तर फोन लावूच नका. परदेशात आपलं कोणी नसेल तर कंपनीला सांगून आयएसडी बंद करून घ्या. न मागितलेल्या गाण्या-भविष्याच्या नावाखाली बॅलन्स कापला जात असेल तर १५५२२३ वर फोन करून ती सेवा थांबवा. संशयास्पद कॉल सरकारच्या संचार साथी पोर्टलवरच्या 'चक्षु' सुविधेत नोंदवा. आणि खात्यातून पैसे गेले तर लाजून गप्प बसू नका, त्याच क्षणी सायबर हेल्पलाइन १९३० लावा.

पोरांनो, आज संध्याकाळी आईचा, आजीचा फोन हातात घ्या. परदेशातल्या आपल्या माणसांचे नंबर नावानिशी सेव्ह करून द्या. घरात तेलुगू बोलत असाल तर हे सगळं तेलुगूत समजावून सांगा. शेजारच्या घरी एकटी म्हातारी राहत असेल, तर तिच्याकडेही जाऊन या.